निर्यात आणि भरभराट : गोव्याच्या खनिजाची साक्ष

पावसाळा सरला की मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांवर एके काळी बार्जांची रांग लागत असे. डिचोली, सांगे, सत्तरी, केपे या भागांतील खाणींतून निघालेले लोहखनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर येई, तेथून ते बार्जांत भरले जाई आणि मुरगावच्या बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांकडे रवाना होई. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसून जाई. परतताना ती रिकामी, उंच तरंगत येई. हे दृश्य पाहणाऱ्या साध्या माणसालाही वाटे की, एवढा माल परदेशी जातो आहे, तेव्हा या भूमीची भरभराट होणार हे ठरलेलेच आहे.

‘निर्यात वाढली की देश वाढतो’ हे समीकरण वर्तमानपत्रांतून, अंदाजपत्रकांच्या भाषणांतून आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांतूनही वारंवार भेटते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. साऱ्या जगाची बाजारपेठ एक होऊ लागल्यापासून, म्हणजे ज्याला जागतिकीकरण म्हणतात ते सुरू झाल्यापासून, त्याचा अपुरेपणा अधिकच उघडा पडला आहे. गोव्याच्या खनिजाची कहाणी या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

प्रथम या समीकरणातला खरा भाग पाहिला पाहिजे. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात परदेशी व्यापाराचा एक मोठा लाभ सांगितला होता. देशात ज्या वस्तूला मागणी नाही, ती वस्तू परदेशी बाजारात गेली की तिला मोल येते. जी जमीन आणि जे हात रिकामे पडले होते त्यांना काम मिळते. १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोने त्यात भर घातली की, प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने स्वस्त पडणारी वस्तू करावी आणि बाकीची दुसऱ्याकडून घ्यावी, म्हणजे दोघांचेही कल्याण होते. ब्रह्मदेशातील अर्थशास्त्रज्ञ ह्ला म्यिंट यांनी १९५८ साली स्मिथचा तो जुना विचार पुन्हा पुढे आणला आणि आशिया-आफ्रिकेतील अनेक प्रदेशांचा व्यापार असाच, पडून असलेल्या साधनसंपत्तीला वाट मिळून वाढला, असे दाखवून दिले.

गोव्याचे लोहखनिज हे याचे बोलके उदाहरण होय. त्यातील बराचसा माल हलक्या प्रतीचा, भुकटीच्या रूपातला. भारतातील पोलादाचे कारखाने उच्च प्रतीचे खनिज वापरीत. त्यांना गोव्याच्या भुकटीचे फारसे अगत्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आपले पोलादाचे कारखाने नव्याने उभारू लागला, तेव्हा त्याला खनिज हवे होते आणि ते त्याच्या भूमीत पुरेसे नव्हते. १९५० नंतरच्या दशकात गोव्याच्या खाणमालकांशी जपानी कंपन्यांचे करार झाले. यंत्रे जपानहून उधारीवर यावीत आणि त्यांची किंमत खनिजाने फेडावी, असाही व्यवहार झाला. पाट्या डोक्यावर घेऊन चालणारे काम यंत्रांनी होऊ लागले. गोवा मुक्त झाला त्या १९६१ सालापर्यंत वार्षिक निर्यात साठ लाख टनांच्या घरात पोचली होती.

या निर्यातीने काहीच दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. रानातल्या गावांपर्यंत रस्ते झाले. बार्जा बांधणाऱ्या गोद्या नदीकाठी उभ्या राहिल्या. खलाशी, फिटर, वेल्डर, ट्रकचालक, हिशेबनीस अशी कामे निर्माण झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून दिवस काढले, त्यांच्या घरी महिन्याचा पगार येऊ लागला आणि मुले हायस्कुलात जाऊ लागली. मागणी परदेशी होती, पण तिचा लाभ घरोघर पोचला, एवढे श्रेय या व्यापाराला दिलेच पाहिजे.

तथापि त्याच काळात दुसऱ्या एका देशात काय घडत होते, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. १९६१ साली दक्षिण कोरिया हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. युद्धाने तो उद्ध्वस्त झालेला होता. त्याच्या निर्यातीच्या यादीत त्या वर्षी पहिले नाव कशाचे होते? लोहखनिजाचे! त्याखालोखाल टंगस्टन, कच्चे रेशीम, दगडी कोळसा. त्याच्याही मालाचा मोठा ग्राहक जपानच होता. म्हणजे त्या एका वर्षी गोवा आणि कोरिया बाजारात एकाच प्रकारची वस्तू घेऊन उभे होते.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९६४ साली कोरियाची निर्यात दहा कोटी डॉलरांवर गेली आणि तो दिवस निर्यातदिन म्हणून पाळला जाऊ लागला. १९७७ साली तीच निर्यात एक हजार कोटी डॉलरांवर पोचली. तेरा वर्षांत शंभरपट! आणि यादीतील नावेही बदलत गेली. खनिजाच्या जागी आधी प्लायवूड, केसांचे टोप आणि तयार कपडे आले; मग पोलाद, जहाजे, मोटारी आणि विजेची उपकरणे आली. १९६५ साली जपानशी करार झाल्यावर जी भरपाईची रक्कम मिळाली, तिचा काही भाग कोरियाने पोहांग येथील पोलादाच्या कारखान्यात घातला. १९६८ साली ती कंपनी स्थापन झाली आणि १९७३ साली तिच्या भट्टीतून पोलाद बाहेर पडले. तेथील तंत्रज्ञ आधी जपानच्या कारखान्यांत जाऊन काम शिकून आले होते. १९७२ साली उल्सानच्या किनाऱ्यावर जहाजांची गोदी बांधायला घेतली गेली आणि दोन वर्षांत तिने महाकाय तेलवाहू जहाजे बांधली. आज कोरिया स्वतःच्या भट्ट्यांसाठी ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथून खनिज विकत घेतो. जो देश खनिज विकत होता, तो खनिजाचा मोठा ग्राहक झाला.

ही तुलना करताना अन्याय होऊ देता कामा नये. कोरिया हे स्वतंत्र राष्ट्र होते. स्वतःचे कर, स्वतःच्या बँका आणि स्वतःचे धोरण त्याच्या हाती होते. गोवा हा १९६१ पर्यंत परसत्तेच्या ताब्यात असलेला चिमुकला प्रदेश होता. येथे कोकिंग कोळसाही नव्हता. तेव्हा गोव्याने पोहांगसारखा कारखाना का उभारला नाही, असा जाब कोणाला विचारणे योग्य नाही. पण दोन निर्यातींच्या स्वभावात जो फरक होता, तो समजून घेणे मात्र आवश्यक आहे.

कोरियाने निर्यातीला शाळा मानले. जमिनीची फेरवाटणी १९५० च्या सुमारासच झाली होती, आणि १९६० नंतरच्या दशकात प्राथमिक शिक्षण जवळजवळ सर्व मुलांपर्यंत पोचले होते. ज्या कारखान्याने परदेशात माल विकून दाखविला, त्यालाच स्वस्त कर्ज मिळे. निर्यातीचा आढावा घेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या अध्यक्षतेखाली दरमहा बैठक भरे. परदेशी ग्राहक माल नाकारी, तेव्हा कारखान्याला आपली चूक कळे. आज केसांचा टोप विणणारे हात उद्या रेडिओ जोडू लागत. एक वस्तू विकून जे ज्ञान हाती येई, ते दुसऱ्या वस्तूला उपयोगी पडे.

याची किंमतही तेथील माणसांनी दिली, हे विसरून चालणार नाही. तो हुकूमशाहीचा काळ होता. कामगार संघटना दडपल्या जात. कपड्यांच्या कारखान्यांत तरुण मुली कोंदट माळ्यांवर रात्र रात्र शिवणयंत्रे चालवीत. १९७० च्या नोव्हेंबरात सोल शहरातील चॉन थे-इल या तरुण शिवणकामगाराने कामगार कायदे पाळले जावेत म्हणून आत्मदहन केले. निर्यातीचे आकडे डोळ्यांसमोर आणताना त्याची ती ज्वाळाही डोळ्यांसमोर असली पाहिजे.

खनिजाची निर्यात ही मुळातच वेगळ्या स्वभावाची. शेतातले पीक काढले तर पुढल्या वर्षी पुन्हा येते. विणकराने कापड विकले तरी त्याची कला त्याच्यापाशीच राहते, वाढतेही. खाणीतला डोंगर एकदा गेला की गेला. म्हणून खनिजाच्या विक्रीला उत्पन्न म्हणण्यापेक्षा घरातील दागिना मोडणे म्हणणे अधिक खरे. दागिना मोडून मुलाचे शिक्षण केले किंवा जमीन घेतली, तर घर पुढे जाते. दागिना मोडून सणवार साजरे केले, तर घर काही दिवस सुखी दिसते, इतकेच.

येथवर जी गती होती ती मंद होती. जागतिकीकरणाने ती एकदम बदलली. १९७० च्या सुमारास साऱ्या जगाचा आयात-निर्यात व्यापार जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांश होता. २००८ पर्यंत तो साठ टक्क्यांच्या घरात गेला. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. तेथे शहरे, पूल, रेल्वे आणि कारखाने इतक्या वेगाने उभे राहू लागले की, जगातील कोणतेही खनिज त्याला पुरेनासे झाले. गोव्याची ज्या भुकटीला कोणी विचारीत नव्हते, ती चीनच्या कारखान्यांना उच्च प्रतीच्या खनिजात मिसळण्यासाठी हवीशी झाली.

भावाची रीतही पालटली. पूर्वी जपानी कारखाने आणि खाणवाले वर्षाकाठी एकदा बसून भाव ठरवीत; तो वर्षभर चाले. २०१० साली जगात ही जुनी पद्धत मोडली आणि रोजच्या बाजारभावाशी जोडलेले करार सुरू झाले. सहस्रकाच्या आरंभी ज्या खनिजाचा करारातील भाव टनाला वीस डॉलरांच्या आत होता, त्याच जातीच्या चांगल्या मालाचा चीनच्या बंदरातील भाव २०११ च्या फेब्रुवारीत एकशे नव्वद डॉलरांच्या आसपास गेला. गोव्याच्या हलक्या मालाला याहून कमी भाव मिळे, तरी तोही डोळे दिपविणारा होता.

मग काय झाले, ते खाणपट्ट्यातील लोकांना सांगावे लागत नाही. निर्यात वर्षाला साडेचार कोटी टनांच्या वर गेली. ज्याच्यापाशी थोडी शेती होती, त्याने ती तारण ठेवून ट्रक घेतला. एकाचे दोन, दोनाचे चार झाले. अरुंद रस्त्यांवरून ट्रकांच्या न संपणाऱ्या रांगा धावू लागल्या. शाळेत जाणारी मुले नाकाला रुमाल लावून कडेने चालू लागली. एक टन खनिज काढायचे तर दोन-तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. त्या मातीचे डोंगर गावाशेजारी उभे राहिले आणि पावसाबरोबर ती माती शेतांत, ओहोळांत, कुळागरांत उतरली. खाणी भूजलाच्या पातळीखाली खोल गेल्या, तेव्हा विहिरींनी तळ गाठला. हे नुकसान निर्यातीच्या हिशेबात कोठेच लिहिले जात नव्हते. सरकारच्या वाट्याला येणारे स्वामित्वशुल्कदेखील ऑगस्ट २००९ पर्यंत टनामागे काही रुपये इतके ठरावीक होते. बाजारात भाव कितीही चढला, तरी धन्याचा वाटा तितकाच! त्यानंतर ते किमतीच्या दहा टक्के करण्यात आले आणि २०१४ साली पंधरा टक्के झाले.

आणि मग एके दिवशी सारे थांबले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात संसदेपुढे आला. राज्य सरकारने त्याच महिन्यात खाणी स्थगित केल्या आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, या खाणींचे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे भावाच्या ऐन भरतीतली पाच वर्षे हा सारा माल वैध पट्ट्याविना उचलला गेला होता. पुढे खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले.

न्यायालयाने बंदी घातली म्हणून संकट आले, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. २०१५ च्या डिसेंबरात जगातील खनिजाचा भाव टनाला चाळीस डॉलरांच्याही खाली कोसळला होता. बंदी नसती, तरी ज्या ट्रकांचे हप्ते एकशे नव्वदच्या स्वप्नावर ठरले होते, ते चाळीसच्या वस्तुस्थितीवर फिटणे कठीणच होते. जागतिक बाजार वर उचलतो तसाच खालीही आणतो. २००९ साली, अमेरिकेतील बँका कोसळल्यानंतर, साऱ्या जगाचा व्यापार एका वर्षात सुमारे बारा टक्क्यांनी आटला, हा धडा तर अगोदरच मिळाला होता.

अंगणात गंजत उभा राहिलेला ट्रक, बँकेची नोटीस, पडीक झालेले शेत आणि दुसरे कोणतेही काम न शिकलेला चाळिशीतला चालक: एवढेच अनेक घरांत त्या भरतीचे अवशेष म्हणून उरले. कर्जदारांसाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली. मोठ्यांनी आपला पैसा अन्य धंद्यांत वळविला होता. लहानांचा सारा पैसा त्या ट्रकातच होता. भरतीच्या वेळी सर्वांचीच होडी वर येते. ओहोटीच्या वेळी मात्र चिखलात कोण रुतले ते दिसते.

यावरून कोणी म्हणेल की, कच्चा माल विकू नये, कारखान्यातला तयार माल विकावा, म्हणजे प्रश्न सुटला. तेही तितके सोपे राहिलेले नाही. आज एक वस्तू एका देशात तयार होत नाही. तिचे भाग दहा देशांत होतात आणि अकराव्या देशात जोडले जातात. आयपॉड या गाणी ऐकण्याच्या छोट्या यंत्राच्या २००५ सालच्या नमुन्याचा कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हिशेब मांडला. अमेरिकेत ते दोनशे नव्व्याण्णव डॉलरांना विकले जाई. चीनमध्ये त्याची जोडणी होई आणि त्या जोडणीपोटी चीनमध्ये राहणारी रक्कम सुमारे चार डॉलर एवढीच होती. निर्यातीच्या वहीत मात्र चीनच्या नावावर यंत्राची जवळजवळ सारी कारखाना-किंमत चढे. चीनने पुढे तेच भाग स्वतः करायला शिकून आपला वाटा वाढविला, म्हणून त्याची गोष्ट निराळी झाली. जे देश नुसत्या जोडणीवर थांबले, त्यांच्या निर्यातीचे आकडे फुगले, पण घरात राहिले थोडेच. कोरियासारख्या शिकलेल्या देशालादेखील १९९७ साली, परदेशी अल्पमुदतीच्या कर्जांचा बोजा पेलेनासा होऊन, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. त्या वेळी लाखो लोक बेकार झाले. पण त्यांच्या हाती कसब होते, कारखाने शाबूत होते, म्हणून दोन वर्षांत तो देश पुन्हा उभा राहिला. संकट सर्वांवर येते. सावरण्याचे बळ मात्र आधीच कमवावे लागते.

म्हणून निर्यातीकडे पाहताना किती माल गेला, याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारणे जरूर आहे. मिळालेल्या किमतीतले घरात किती राहिले? ती विकताना माणसे काय शिकली? आणि जे पुन्हा उगवणार नाही ते विकले असेल, तर त्याच्या बदल्यात पुढील पिढीसाठी काय ठेवले?

तिसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर नॉर्वेने दिले आहे. समुद्रातून निघालेल्या तेलाचा पैसा साठविण्यासाठी त्याने १९९० साली कायदा करून निधी स्थापन केला. १९९६ पासून त्यात रक्कम पडू लागली आणि आज तो जगातील सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. तेल संपेल, पण निधीचे उत्पन्न चालू राहील, हा त्यामागील विचार. गोव्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात तोच मार्ग दाखविला: खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवावी आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा असावी. शिस्तीने पाळल्यास हा आरंभ लहान नाही.

लिलावाने नव्याने दिलेल्या पट्ट्यांपैकी एकावर २०२४ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाणपट्ट्यातील घरांना त्याची वाट होती, आणि ती वाट पाहणे चुकीचे नव्हते; रिकाम्या हातांना काम हवेच. पण या वेळी त्या कामाबरोबर चालकाच्या मुलाला दुसरेही कसब मिळाले पाहिजे, शेतात उतरलेली माती काढण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरला गेला पाहिजे, आणि निधीत किती पडले याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला गेला पाहिजे. जग पुन्हा केव्हा चढा भाव देईल आणि केव्हा पाठ फिरवील, हे गोव्याच्या हाती नाही. बार्ज भरून गेली त्या दिवशी गावात काय शिल्लक राहिले, याची वही ठेवणे मात्र सर्वस्वी गावाच्या हाती आहे. ती वही नीट ठेवणाऱ्या समाजालाच निर्यात भरभराट देते.